हाताने काढलेला कार्टून सिनेमा नेमका बनतो कसा? इथे कोणी हे काम केलेलं आहे का?

चित्रवही

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं माझ्याकडे असतात. २०२५ च्या जानेवारीत ते जपानी-भारतीय रामायण परत थेटरात लागलं होतं ना, १९९२ चं, युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांचं, ते मी लेकीला घेऊन पाह्यलं. सिनेमा संपला, लाइट लागले, लोक बाहेर पडले आणि लेक काही जागची उठेना. आई, हे सगळं हाताने काढलंय? मी म्हटलं हो. एकाच माणसाने? मी म्हटलं नाही गं, खूप जणांनी मिळून. मग म्हणे, तर मग सगळ्यांचा राम सारखाच कसा आला?

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं झाली शिकवतेय, वर्गात चाळीस पोरांसमोर एक मडकं ठेवलं तर चाळीस मडकी येतात, कोणाचं बसकं, कोणाचं उंच, आणि ते तसंच यावं असं मी स्वतःच त्यांना सांगते. मग इथे शेकडो माणसं बसून एकच राम कसा काढतात आणि तो हलतो कसा? नेटवर इंग्रजीत पुष्कळ आहे पण वाचून हाताला काही लागत नाही. कोणी प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर कृपया लिहा, सविस्तर लिहिलं तरी चालेल.

धुळेकर अण्णा

चांगला धागा काढला ताई. आमच्या पिढीला कार्टून म्हणजे दूरदर्शनवरचं 'एक चिडिया, अनेक चिडिया'. देवपुरात आमच्या गल्लीत एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट, आणि ते लागलं की ओट्यावर बसलेली सगळी पोरं एका सुरात गायची. ते १९७४ चं, दिग्दर्शन विजया मुळे यांचं आणि चित्रं भीमसैन यांची, हे मला फार उशिरा कळलं. जेमतेम सात मिनिटांचं काम पण पन्नास वर्षं झाली, अजून डोक्यातून जात नाही. मलाही जाणून घ्यायचंय, सात मिनिटांना किती चित्रं लागत असतील?

वाघूरकाठ

ताई, तुमच्या लेकीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी १९९७ ते २००४ मुंबईत अ‍ॅनिमेशनच्या कामात होतो, बाहेरच्या देशातल्या टीव्ही मालिका यायच्या, सगळं कागदावर पेन्सिलने. आता परत गावी, वडिलांची केळी मीच बघतो. रामायणावर मी नव्हतो, तेव्हा शाळेत होतो, पण पद्धत तीच, डिस्नेच्या १९३७ च्या स्नो व्हाइटपासून चालत आलेली, म्हणून सांगू शकतो.

आधी अण्णांचा हिशोब. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम पळते. रामायण १३५ मिनिटांचं आहे म्हणजे १३५ गुणिले ६० गुणिले २४, झाल्या १,९४,४०० फ्रेम. पण प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायचंच असं नाही. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी डोळ्याला चालतं, त्याला आम्ही 'टूज'वर काढणं म्हणायचो, सेकंदाला १२ चित्रं. पळणं, झटापट, कॅमेरा सरकतोय असं काही असलं की 'वन्स'वर, म्हणजे पूर्ण २४. आणि पात्र नुसतं ऐकत उभं असेल तर अंगाचं चित्र एकच, फक्त पापणी वेगळी. सात मिनिटांचे १०,०८० फ्रेम होतात अण्णा, आता त्यातलं काय काय धरून ठेवलंय आणि काय हलवलंय त्यावर चित्रांची संख्या ठरते. पडद्यावर एकाच वेळी चार पात्रं असली तर मात्र तेवढ्याच फ्रेमला चौपट चित्रं.

आता राम सारखा कसा. पहिली गोष्ट मॉडेल शीट. सिनेमातलं प्रत्येक पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून, पाऊण चेहऱ्याने काढलेलं असतं आणि ते शीट प्रत्येकाच्या टेबलापुढे चिकटवलेलं. अंगाची उंची किती डोकी, दोन डोळ्यांमध्ये जागा किती, हनुवटीपासून खांदा कुठे, मूठ वळली की अंगठा कसा दिसतो, शेजारी लक्ष्मण उभा असेल तर त्याचं कपाळ रामाच्या कुठे येतं, सगळं. तुम्ही पोरांना मानवी प्रमाण शिकवता तेच, पण एका माणसापुरतं, आणि त्यातून सुटका नाही. डिस्नेकडे तर पात्रांचे छोटे पुतळे बनवणारं खातं होतं, की चित्रकाराने ते हातात घेऊन फिरवून पाहावं.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळे जण राम काढतच नाहीत ताई. मुख्य अ‍ॅनिमेटर फक्त 'की' काढतो. राम धनुष्य उचलतोय, तर हात खाली आहे ते एक, पूर्ण वर गेला ते एक, मध्ये जिथे हालचालीचं वळण ठरतं ते एक, त्याला ब्रेकडाउन म्हणतात. हे तो भराभर, कच्च्या रेषेत काढतो, रेषा देखणी असायची गरजच नसते. कागदाच्या कडेला तो एक छोटी शिडी काढतो, आडव्या रेघा मारून, की या दोन चित्रांच्या मध्ये किती चित्रं हवीत आणि ती कोणाच्या जवळ हवीत. रेघा सारख्या अंतरावर असल्या तर हात मशिनसारखा जातो. टोकाकडे दाट असल्या तर हात हळू निघतो आणि हळू थांबतो, माणसासारखा. पात्राचा स्वभाव त्या शिडीत असतो असं मी तरी मानतो. म्हातारा आणि पोरगा एकाच खुर्चीतून उठले, त्यांच्या की चित्रात फार फरक नसला तरी शिडीत असतोच.

मग क्लीनअपवाला त्या कच्च्या चित्रावर नवा कागद ठेवून एकच स्वच्छ रेघ ओढतो, मॉडेल शीटला धरून. कोणाच्या हाताची ओढ कशी होती ते तिथे पुसलं जातं, तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या खात्यात आहे. आणि उरलेली सगळी मधली चित्रं इनबिटवीनर काढतो. मी तो होतो, सात वर्षांतली पाच.

चित्रवही

भाऊ, काय लिहिलंय! तीनदा वाचलं. पण मधलं चित्र म्हणजे दोन चित्रांच्या बरोबर मध्ये रेघ ओढायची एवढंच ना? मग त्यात पाच वर्षं काय शिकायचं, हे मी कमी लेखायला नाही विचारत, खरंच समजून घ्यायचंय.

वाघूरकाठ

माझाही पहिल्या आठवड्यात असाच समज होता. कागदाला खाली तीन भोकं असतात, ती टेबलावरच्या पेग बारमध्ये बसतात, म्हणजे शंभर कागद ठेवले तरी एकही हलत नाही. टेबल म्हणजे काच, खालून ट्यूबलाइट. खाली दोन की ठेवायच्या, वर कोरा कागद, दोन्ही रेषा दिसतात, मधून तिसरी ओढायची. मला मान वळवायचा शॉट दिला होता, डावीकडून उजवीकडे, पात्र कोणीतरी हाक मारल्यासारखं बघतं. मी मन लावून प्रत्येक रेघ बरोबर मध्यावर ओढली, नाक मध्ये, कान मध्ये. सिनियरने कागद डाव्या हाताच्या बोटांत अडकवले, एकेक बोट सोडत फडफडवले आणि म्हणाला, डोकं का आकसतंय याचं?

खरंच आकसत होतं. कारण मान वळते ती सरळ रेषेत नाही, ती खाली झुकून कमानीतून जाते, आणि वळताना नाक गालाच्या पुढे येतं. दोन टोकांच्या बरोबर मध्ये काढलं की डोकं वळत नाही, एका बाजूचं पुसट होऊन दुसऱ्या बाजूला उगवतं. मधलं चित्र मोजून नाही येत, तिथे डोकं खरोखर वळतंय हे मनात फिरवून काढावं लागतं. ते समजल्यावर मग बोटं लागतात. उजव्या हातात पेन्सिल आणि डाव्या हाताच्या बोटांत पाच कागद, काढता काढता फडफडवून बघायचं, रेघ उडतेय का, कानातलं डूल मागे राह्यलं का. वर्षभराने मला डोळे मिटून कागद फडफडले तरी हाताला कळायचं की दोन कागदांचा क्रम चुकलाय.

वजनाचं सांगतो कारण ते मी स्टुडिओत नाही, आपल्याकडे शिकलो. सुट्टीत गावी आलो की कटाईच्या दिवशी ट्रकपाशी उभा राह्यचो. माणूस खांद्यावर वाळल्या पानांची चुंबळ घेतो, दुसरा त्याच्या खांद्यावर घड टेकवतो. बघा, टेकवण्याच्या आधीच त्याचा गुडघा किंचित वाकलेला असतो, अंगाला माहीत असतं वजन येणार आहे. घड टेकला की अजून एकदा दबतो, मान उलट्या बाजूला जाते, मोकळा हात आपोआप अंगापासून लांब जातो. मग दोन-तीन पावलं आखूड पडतात आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला लय सापडते, टाचा जमिनीपासून फार उचलत नाहीत. आणि घड उतरवल्यावर तो माणूस अर्धा सेकंद उंच होतो, मग खाली येतो. हे सगळं काढलं तर बघणाऱ्याला पंचवीस किलो दिसतात. नाही काढलं तर घड कितीही हुबेहूब रंगवा, तो थर्माकोलचा वाटतो. डिस्नेच्या लोकांनी १९३० च्या दशकात याला नावं दिली, आधीची तयारी, दबणं-ताणणं, मागून येणारं लटकणं, आणि दबणं-ताणण्याचा नियम एकच की आकार बदलला तरी आकारमान बदलायचं नाही, पाण्याने भरलेली पिशवी जशी.

केळीबाग रावेर

वाचीसनी भलतं बरं वाटनं भाऊ! आमच्याकडे रोज घड वाहणारी माणसं आहेत, उद्या सकाळी मी त्यांच्याकडे या नजरेने बघणार. घड उतरवल्यावर माणूस उंच होतो हे अगदी खरंय, आयुष्यभर बघतोय पण कधी दिसलं नाही.

अमळनेरची सून

मला एक विचारायचंय. रामायणात अमरीश पुरींचा आवाज रावणाला आहे हिंदीत, काय आवाज लागलाय, पण कधी कधी ओठ आणि शब्द जुळत नाहीत असं वाटलं. आधी चित्रं होतात की आधी आवाज?

वाघूरकाठ

वहिनी, या जातीच्या सिनेमात आवाज आधी. चित्र काढायला बसायच्या आधी संवाद रेकॉर्ड होतात, मग एक माणूस तो आवाज फ्रेम-फ्रेमने ऐकून कागदावर उतरवतो, कुठल्या फ्रेमला कुठला उच्चार सुरू झाला. त्या लांबलचक कागदाला एक्स-शीट म्हणतात, एक ओळ म्हणजे एक फ्रेम. संवाद, पात्राची चित्रं, कॅमेरा सगळं त्याच्यावर, अ‍ॅनिमेटरची आणि कॅमेरामनची दोघांची पोथी तीच. प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत, ते चुकलं की लगेच दिसतं, बाकी उच्चारात थोडं इकडे-तिकडे खपतं. रामायण मुळात इंग्रजी संवादांवर केलेलं होतं, हिंदी नंतर बसवलं, म्हणून तुम्हाला ते जाणवलं. संगीताचंही असंच. तालाचा एक ठोका १२ फ्रेमचा धरला की मिनिटाला १२० ठोके होतात, पाऊल कुठल्या फ्रेमला पडायचं हे मग वाजवणाऱ्याला आणि काढणाऱ्याला दोघांनाही आधीच माहीत असतं.

आणि आवाजाच्याही आधी गोष्ट. गोष्टीतला प्रत्येक प्रसंग छोट्या चित्रांत काढून बोर्डावर टाचण्यांनी लावतात, स्टोरीबोर्ड. मग त्याच चित्रांचं आवाजासकट रीळ करून सगळा सिनेमा कच्चा बघतात. हे सगळ्यात महत्त्वाचं का, तर टाचणी काढून कागद फेकणं स्वस्त आहे, पूर्ण झालेला शॉट फेकणं फार महाग. तरी फेकावं लागतंच. स्नो व्हाइटमध्ये बुटके सूप पितात तो प्रसंग वॉर्ड किंबॉल या अ‍ॅनिमेटरने पेन्सिलने पूर्ण हलता करून दिला होता आणि गोष्ट तिथे रेंगाळते म्हणून तो काढून टाकला. कित्येक महिन्यांचं काम होतं ते. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं आणि तो निर्णय बरोबर होता असंही वाटतं.

रेल्वे कॉलनी भुसावळ

मी तांत्रिक माणूस आहे, चित्रातलं कळत नाही, पण मला एक कायम कोडं आहे. चित्र तर सपाट कागद, मग जुन्या डिस्ने सिनेमात जंगलात आत आत शिरल्यासारखं कसं वाटतं? कॉम्प्युटर नव्हता तेव्हा.

वाघूरकाठ

तुम्ही रावेरहून भुसावळला गाडीने येताना खिडकीतून बघा. रुळाशेजारची केळी सप्पकन मागे जाते, त्यामागची जरा हळू, आणि सातपुडा जागचा हलत नाही. हेच त्यांनी मशिनमध्ये केलं. मल्टिप्लेन कॅमेरा, १९३७ च्या ओल्ड मिल या छोट्या फिल्ममध्ये पहिल्यांदा वापरला आणि लगेच स्नो व्हाइटमध्ये. उभा सांगाडा, वर कॅमेरा खाली बघणारा, त्याच्या खाली एकाखाली एक काचा, एका काचेवर जवळची झाडं, दुसरीवर घर, सगळ्यात खाली आभाळ. प्रत्येक काच वेगळ्या वेगाने सरकवायची, एक फ्रेम घेतली की सगळ्या काचा केसभर हलवायच्या, परत एक फ्रेम. साध्या कॅमेऱ्याने रात्रीच्या देखाव्यात पुढे शिरलं तर चंद्रही मोठा होत जातो आणि फसवणूक उघडी पडते. काचा वेगळ्या असल्या की चंद्र तेवढाच राहतो, घर जवळ येतं. माणसं बरीच लागायची त्या एका मशिनपाशी, म्हणून निवडक शॉटलाच वापरायचे.

चाळीसगावचा

हे वाचून आमच्या केकी मूस यांची आठवण आली म्हणून लिहितोय. चाळीसगाव स्टेशनजवळच त्यांचा बंगला, आता कलादालन आहे, वर्षानुवर्षं ते घराबाहेर पडले नाहीत. त्यांचे टेबलटॉप फोटो पाहा, टेबलावर हाताला येईल ते सामान मांडून, प्रकाश असा टाकलाय की रानातला, बर्फातला देखावा वाटतो. फोटो स्थिर आहे, सिनेमा नाही, पण जवळचं-लांबचं टेबलावर उभं करायची तीच हुन्नर. कॉलेजात असताना पहिल्यांदा गेलो तर एका फोटोपुढे अर्धा तास उभा होतो. ताई, पोरांची सहल न्या तिकडे.

पाचोरेकर

सगळं छान पण एक शंका. मी वाचलंय की स्नो व्हाइटमध्ये खऱ्या मुलीचं शूटिंग करून त्याच्यावरून चित्रं काढलीत. मग ते ट्रेसिंगच झालं ना, त्यात चित्रकाराची कमाल काय?

वाघूरकाठ

शूटिंग केलं होतं, मार्ज बेल्चर नावाची नर्तकी मुलगी होती, पुढे मार्ज चॅम्पियन नावाने प्रसिद्ध झाली. आणि फिल्मवरून थेट गिरवायची पद्धत, रोटोस्कोप, ती त्याच्याही आधीची, मॅक्स फ्लायशरने काढलेली. पण दादा, कोणी करून बघितलं असेल तर सांगेल, माणसाचं फिल्मवरून जसंच्या तसं गिरवलं तर पडद्यावर ते तरंगतं, पाय जमिनीला टेकत नाहीत आणि चेहरा मेल्यासारखा वाटतो. खरा माणूस सेकंदात शंभर बारीकसारीक हालचाली करतो, त्यातल्या कुठल्या ठेवायच्या, कुठल्या वाढवायच्या आणि कुठल्या टाकायच्या हे चित्रकार ठरवतो. शूटिंग म्हणजे त्यांना अभ्यासाची वही होती. डिस्नेने १९३२ पासून डॉन ग्रॅहम या शिक्षकाला बोलावून आपल्या चित्रकारांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले, समोर माणूस बसवून चित्र काढायचे. कामावरून दमून आलेली माणसं पुन्हा पेन्सिल घेऊन बसायची. ताई, तुमच्या पेशाला मान देणारी गोष्ट आहे ही, सिनेमाआधी शाळा काढावी लागली.

चित्रवही

हे मी उद्या वर्गात वाचून दाखवणार. आता रंगाचं सांगा भाऊ, कागदावर रंगवत नसणार, मागचा देखावा दिसतो कसा?

वाघूरकाठ

सेल. पारदर्शक पातळ प्लास्टिकचा ताव, सुरुवातीला सेल्युलोज नायट्रेटचा, तो भयंकर पेट घ्यायचा, नंतर अ‍ॅसिटेटचा आला. आमच्या वेळी रंग कॉम्प्युटरवर भरायला लागले होते पण रंगखात्यातल्या एक ताई जुन्या सेलवरच्या होत्या, त्यांनी एकदा जपून ठेवलेली सेल आणून दाखवली. समोरून बघितलं तर रंग असा सपाट, नितळ, कुठे कुंचल्याची खूण नाही. उलटी केली तर मागे रंगाचे ढीग, खडबडीत, एकावर एक चढलेले. गंमत इथे आहे, रेघ पुढच्या बाजूला शाईने ओढतात आणि रंग मागच्या बाजूने भरतात. म्हणून रेघेबाहेर थोडं गेलं तरी शाईखाली झाकलं जातं, आणि डोळ्यातला बारका पांढरा आधी भरायचा, मोठा रंग नंतर, आपल्या नेहमीच्या सवयीच्या उलट. त्या ताई म्हणाल्या की रंग घासायचा नसतो, थेंब ठेवायचा आणि कुंचल्याने तो कडेपर्यंत ढकलत न्यायचा. हातात सुती मोजे, पेन्सिलीची तीन बोटं तेवढी कापलेली, कारण घामाचा ठसा पडला तर कॅमेऱ्यात दिसतो.

अजून एक जे मला फार आवडतं. सेल पारदर्शक म्हटली तरी किंचित पिवळी-राखाडी असतेच. चार सेल एकावर एक ठेवल्या की खालच्याचा रंग मळकट दिसतो. म्हणून खालच्या थरातल्या पात्राचा रंग मुद्दाम उजळ कालवायचा. आणि शॉटच्या मध्येच एक पात्र निघून गेलं तर त्याच्या जागी कोरी सेल ठेवायची, नाहीतर बाकीच्यांचे कपडे एकदम उजळतात. म्हणजे काहीही न काढलेली सेलसुद्धा मोजून, नंबर टाकून ठेवलेली असायची.

डिस्नेकडे हे शाई आणि रंगाचं काम जवळपास सगळं बायकांनी केलेलं आहे. पुढे १९६१ च्या डाल्मेशियनवाल्या सिनेमात झेरॉक्सने पेन्सिलची रेघ थेट सेलवर उतरवायला लागले, शाईचे हात कमी झाले, रेघ काळी आणि खरखरीत झाली. १९९० मध्ये रंगही कॉम्प्युटरवर गेला, १९८९ चा लिटल मर्मेड हा त्यांचा सेलवर रंगवलेला शेवटचा मोठा सिनेमा.

धुळेकर अण्णा

या बायकांची नावं सिनेमात येतात का?

वाघूरकाठ

बहुतेकींची नाही अण्णा. आणि इनबिटवीनरचीही नाही. १९४१ च्या मे महिन्यात डिस्नेत मोठा संप झाला तो पगार आणि नावं न लागणं अशाच गोष्टींवरून. डिस्नेच्याच बॅम्बी या हरणाच्या पाडसाच्या सिनेमाचं बघा. सिनेमा अडकला होता कारण जंगलाची प्रत्येक पानं-फांदी काढली की हरीण त्यात हरवून जायचं. तिथे टायरस वाँग नावाचा मुळचा चीनचा चित्रकार इनबिटवीनर म्हणून लागलेला, त्याने आपण होऊन काही छोटी चित्रं काढून दाखवली, चिनी निसर्गचित्रांसारखी, मागे धुकं, दोन-चार झाडांचे खोड आणि मधल्या उजेडात हरीण. सगळ्या सिनेमाचा देखावा त्यावरून ठरला. श्रेयनामावलीत त्याचं नाव इतर बॅकग्राउंडवाल्यांच्या यादीत एक, आणि सिनेमा १९४२ ला लागायच्या आधीच संपानंतर त्याची नोकरी गेलेली, तो संपात नव्हता तरी. २०१६ मध्ये वारला, १०६ वर्षांचा होऊन.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी होतो तो शेवटचा स्टुडिओ बंद पडला तेव्हा तीन महिन्यांचं राह्यलेलं पेमेंट आलंच नाही, चित्राच्या नगावर पैसे असायचे, हिशोबाची वही अजून आहे. चिडलो होतो. पण एक सांगतो, रात्री टीव्हीवर मालिका लागली की मी घरच्यांना म्हणायचो थांबा थांबा, आता ती मान वळवेल, ती मी वळवलीये. नाव नसलं तरी मला माझी चित्रं ओळखू यायची.

आणि ताई, तुम्ही अजिंठ्याला पोरांना नेत असालच, आपल्याला जवळ. १९५६ ला मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून युनिट निघालं, शिकवायला क्लेअर वीक्स आले, डिस्नेत बॅम्बीवर काम केलेले. १९५७ ला त्या युनिटने केलेली फिल्म म्हणजे 'द बॅनियन डिअर', जातकातली हरणाची गोष्ट आणि चित्रांचं वळण अजिंठ्याच्या भिंतींचं. त्याच युनिटमध्ये तरुण राम मोहन शिकले. त्यांनीच पुढे तुम्ही थेटरात पाह्यलेल्या रामायणाचं सहदिग्दर्शन केलं. बॅम्बीच्या टेबलावरून निघालेली विद्या अशी हातोहात तुमच्या लेकीपर्यंत आलीये.

चित्रवही

डोळे भरून आले भाऊ. लेकीला जेवताना सगळं सांगितलं, ती म्हणे म्हणजे रामाला खूप जणांनी धरून ठेवलं होतं.

मला वर्गात करून बघायचंय. पेग बार, लाइट टेबल काही नाही. कसं करू?

वाघूरकाठ

ऑफिसातलं दोन भोकांचं पंचिंग मशीन घ्या आणि सुताराकडून पट्टीवर तेवढ्याच अंतरावर दोन लाकडी खुंट्या बसवून घ्या, झाला पेग बार. उजेडासाठी खिडकीची काच चालते, नाहीतर दोन विटांवर काच आणि खाली एलईडी बल्ब. कागद पातळ, ए-फोर. मोबाईल स्टुलाला घट्ट बांधून वरून फोटो काढा, सेकंदाला १२ धरा. घड उचलणारा माणूस द्या, दोन सेकंदांचा शॉट, २४ चित्रं. पाच की तुम्ही काढा, शिडी काढून द्या, बाकीची पोरांना वाटा. आणि आधी मॉडेल शीट, तो एक तास वाया गेल्यासारखा वाटेल तरी सोडू नका.

चित्रवही

बारा दिवसांनी लिहितेय. झालं! शनिवारी दुपारी केलं, आठवी-नववीची १९ पोरं. मॉडेल शीटवरच पहिले दोन तास गेले, मुंडासं किती वेढ्यांचं यावर भांडणं झाली, शेवटी तीन ठरले. पहिल्यांदा फोटो काढून चालवलं तर माणूस मध्येच जाड, मध्येच बारीक, एका जागी कान गायब, पण तो उठला, घड घेऊन उठला, आणि वर्गात जो आवाज झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन विचारला.

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, कधी बोलत नाही, त्याचे वडील कटाईला जातात, तो जवळ आला आणि म्हणाला, मॅडम, तुमच्या तिसऱ्या चित्रात घड खांद्यावर आलाय पण गुडघा चौथ्यात वाकलाय. तो आधी वाकतो. मी परत चालवून पाह्यलं. बरोबर होतं त्याचं, की माझीच चुकली होती.

वाघूरकाठ

त्या पोराला पुढच्या वेळी मधलं चित्र देऊ नका ताई. त्याला की काढायला बसवा आणि शिडी त्यालाच काढू द्या. घड उतरवतानाचा शॉट द्या, तो जास्त अवघड आहे.

चित्रवही

सोमवारी देते. कागदाला भोकं पाडून ठेवलीत त्याने आत्ताच, ४० कागद.